एकशे एकसष्ट वार

मास्तरांना नुसतं "जेवलो" असं सांगितलेलं चालत नसे. ते विचारत, "काय जेवलात?" सांगणारा पिठलं-भाकरीवर थांबला, तर पुढचा प्रश्न ठरलेला, "पिठलं पातळ का घट्ट?" हे ते आमच्या तहसीलदारसाहेबांनाही विचारत आणि चुडाव्याहून आगगाडीनं आलेल्या दहा वर्षांच्या पोरालाही. मोठी माणसं हसत, काही चिडत. पोरं खाली बघत.

पोरांसाठी त्यांची आणखी एक रीत होती. "आज काय खाल्लं?" असं ते पोराला कधी विचारत नसत. "काल काय खाल्लं?" असं विचारत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "आजचं खोटं पोरगं तयार करून येतंय. कालचं खोटं कोण तयार ठिवतंय? काल म्हटलं की ते जरा थांबतंय. थांबलं की आपण समजायचं."

ते परभणीच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवत. मी तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होतो. वय चोवीस, लग्नाला दीड वर्ष झालेलं, आणि मास्तरांच्या घरापासून चौथं घर माझं. आज माझी पंचेचाळिशी उलटली आहे. मास्तर जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्याबद्दल गावात ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांतल्या निम्म्या तरी वाढवलेल्या आहेत. मी पाहिलेलं आणि मोजलेलं तेवढंच लिहितो.

सरकारी नोकर म्हणून शाळेत शेरवानी घालावी लागे. मास्तर शेरवानीखाली धोतर नेसत. शेरवानीला सात गुंड्या होत्या, आणि पहिलीच गुंडी दुसऱ्या काजात गेल्यामुळं वर एक काज रिकामं राही आणि खाली एक गुंडी लोंबत असे. हे रोज. कुणी दाखवलं तर म्हणत, "असू द्या. ती गुंडी मोकळी हाय, तिला मोकळं राहू द्या." हातात छत्री असे, पण ती उघडलेली मी पाहिली नाही. वर्गात नकाशावर गाव दाखवायला आणि रस्त्यात माणूस अडवायला तिचा उपयोग होई. रस्ता सांगताना "उजवीकडं वळा" असं ते म्हणत नसत. "मारुतीच्या देवळापासून आग्नेयेला जा" म्हणत. बाहेरगावचा माणूस उभ्या जागी गोल फिरून आग्नेय शोधायला लागे, आणि मास्तर त्याला सूर्य कुठं आहे ते दाखवत.

बायको फार पूर्वी वारली होती. थोरली बहीण घर चालवी. तिला सगळी गल्ली आक्का म्हणे. आक्का त्यांच्यावर दिवसभर ओरडत असे आणि मास्तर ते पावसाच्या अंदाजासारखं ऐकत.

आकडे आणि मास्तर यांचं मात्र कधी जमलं नाही. "पोरं किती हायत?" विचारलं तर "बरीच हायत." "घरं किती?" तर "लय." मला अशा उत्तरांचा त्रास होतो. त्यामुळंच मी त्यांच्या भानगडीत पडलो.

त्या वेळी आसपासच्या गावांत शाळा चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर परभणी. पोरं यायची आणि देवळाच्या सभामंडपात, नाहीतर कुणाच्या तरी ओसरीत पथारी टाकायची. गावाकडून कुणी आलं की भाकऱ्यांचं गाठोडं यायचं. पहिले तीन दिवस बरे जायचे. चौथ्या दिवशी भाकरी वाळायची, पाचव्या दिवशी तिला बुरशी यायची. सहाव्या दिवसाचं मला विचारू नका.

राणीसावरगावचं एक पोरगं मास्तरांच्या वर्गात होतं. गोदावरी कुठून निघते ते दाखवायला मास्तरांनी त्याला नकाशापाशी बोलावलं. त्यानं छत्रीचं टोक नाशकावर नीट ठेवलं, पैठणपर्यंत आणलं, आणि तिथंच ते खाली बसलं. शुद्धीवर आल्यावर म्हणालं, "मास्तर, नकाशा हलायलाय." वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. संध्याकाळी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुमी आकड्याचे माणूस. मला एक गोष्ट मोजून द्या. या गावात काल न जेवलेली पोरं किती?"

मी चार दिवस फिरून मोजली. बाहेरगावची, शाळेत जाणारी, रोजच्या जेवणाची सोय नसलेली, दहा ते अठरा वर्षांची: तेवीस.

"बास?" मास्तर म्हणाले. "मला वाटलं लय असतील. तेवीस तर होतील की."

त्यांनी जे मनात आणलं ते तसं जुनंच होतं. गरीब विद्यार्थ्यानं सात घरं धरायची, सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. याला वार लावणं म्हणत. पण हे वार ठराविक जातीच्या पोरांना, ठराविक जातीच्या घरी मिळायचे. मास्तर म्हणाले, "सगळ्या पोरांना. सगळ्या गावात. एका पोराला घर सापडायची वाट बघत बसायचं न्हाई. गावानंच पोरं वाटून घ्यायची." या कामाला त्यांनी नाव दिलं 'मोहीम'. शब्द त्यांना फार आवडला होता. आक्काला सुद्धा सांगत, "आक्का, आज मोहिमेवर चाललो, चहा लवकर टाक."

तेवीस पोरं, सात वार, म्हणजे एकशे एकसष्ट. मी म्हणालो, झरीची दोन पोरं जुम्याच्या सुट्टीला पायी घरी जातात, त्यांचे शुक्रवार वगळा, एकशे एकोणसाठ पुरतील. मास्तर म्हणाले, "आणि पाय दुखला तर?" एकशे एकसष्टच राहिले.

तेवीसपैकी तीन पोरं गावकुसाबाहेरच्या वस्तीतली होती. त्यांना कुणी घर देईना. मीही माझ्या घरात त्यांना घेतलं नसतं. तेव्हा घेतलं नसतं, हे लिहून ठेवतो. मास्तरांनी कुणाशी वाद घातला नाही. तिघांचे एकवीस वार स्वतःच्या नावावर घातले. त्यानंतर आठ दिवस गल्लीतल्या बायका आक्काला आडावर घागर ठेवू देईनात. आक्का दुसऱ्या आडावर जाऊ लागली आणि मास्तरांवर नेहमीपेक्षा जास्त ओरडू लागली. पण एकवीस वारांबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

राहिले एकशे चाळीस. ते दीड महिन्यात एकशे बारा घरांनी उचलले. चौऱ्याऐंशी घरांनी एकेक, अठ्ठावीस घरांनी दोन-दोन. यात वकील होते, सोनार होते, कापडवाले होते, युनानी हकीमसाहेब होते. खेड्यांतून आलेल्या चार मुसलमान पोरांची बरीचशी सोय त्यांनीच आपल्या मोहल्ल्यात लावली. यादी मी केली. घर, वार, पोराचं नाव, प्रत्येक पानाखाली बेरीज. आमच्या गल्लीच्या पानावर माझं नावही मीच लिहिलं. शुक्रवार, एक. मास्तरांनी माझ्या बायकोला विचारलं होतं आणि तिनं मला न विचारता हो म्हटलं होतं. मला राग आला नाही. शुक्रवारी कचेरीला सुट्टी असते, मी घरी असेन, असा विचार करून मी लिहून टाकलं.

इथवर सगळं सोपं होतं. मग मास्तरांना वाटलं की एका शुक्रवारी सगळ्या घरच्या माणसांनी शाळेच्या मैदानात जमावं, प्रत्येकानं आपला वार बोलून दाखवावा, पोरांनी आपली घरं ओळखून घ्यावीत आणि शनिवारपासून सुरुवात व्हावी. निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं होती. चार माणसं पारावर बसली तरी पोलिसाचा जवान येऊन उभा राही. सभेला इजाजत लागे, आणि इजाजतीचा अर्ज उर्दूत लागे.

मास्तरांची उर्दू गावात प्रसिद्ध होती. ती ऐकायला लोक थांबत. म्हणून अर्ज मी लिहिला. सरकारी नोकरानं असल्या कामात हात घालायची मनाई होती, म्हणून खाली सही फक्त मास्तरांची. 'शहर में एक मुहिम शुरू करने की इजाजत दी जाए. कुल वार एक सौ इकसठ. घरों की फेहरिस्त साथ है.' अक्षर सुरेख आलं होतं. मी दोनदा वाचून पाहिलं. आकडे बरोबर होते.

शब्दांकडं मी पाहिलंच नाही. मुहिम म्हणजे फौजेची चढाई, आणि वार म्हणजे घाव. तसे ते मराठीतही आहेत. पण दीड महिना आम्ही दोघं उठता-बसता मोहीम आणि वार एवढंच बोलत होतो, त्यामुळं त्या शब्दांची धार आम्हाला लागेनाशी झाली होती. एकशे एकसष्ट घाव घालायची परवानगी मी नम्रपणे मागितली होती आणि घरांची यादी जोडली होती.

सोमवारी कोतवालीत, म्हणजे पोलीस ठाण्यात, बोलावणं आलं. मास्तर म्हणाले, "तुमी चला. आकडे विचारले तर मी काय सांगू?" मी गेलो.

अमीनसाहेब, म्हणजे तिथले फौजदार, बाहेरून बदलून आलेले होते. सडपातळ, शुद्ध उर्दू बोलणारे, आवाज न चढवणारे. त्यांच्या बाजूला इथलाच एक जाडजूड जमादार उभा होता. अमीनांनी बसायला सांगितलं नाही.

"मुहिम किसके खिलाफ है?"

"भूक के खिलाफ, साब," मास्तर म्हणाले.

"ये वार कौन करेगा?"

"हर घर करेगा, साब. अपने अपने दिन."

जमादार पाय जुळवून ताठ उभा राहिला. अमीन शांतपणे म्हणाले, "और हथियार?"

मास्तरांना प्रश्न कळला नाही. त्यांना वाटलं, साहेब भांड्यांबद्दल विचारतायत. "वो तो हर घर में हैच, साब. बाहर से लाने की जरूरत नै. बायका रोज घासून ठिवते."

तेवढ्या क्षणात मला अर्जातला प्रत्येक शब्द साहेबांच्या डोळ्यांनी दिसला. मला बोलायला हवं होतं. बोललो असतो तर अर्ज कुणी लिहिला तेही निघालं असतं. मी गप्प राहिलो.

"हकीमसाहब के घर पर दो वार. क्यों?"

"उनोच मांगे, साब. मैं एकच बोला था."

"खुद मांगे?" अमीनांनी पहिल्यांदा मान वर केली. मग यादीवर बोट फिरवत ते आमच्या गल्लीच्या पानावर आले. जमादार त्यांना नावं वाचून दाखवत होता, अडखळत. बोट थांबलं. "आपके अपने घर पर इक्कीस?"

"जी. उन तीन पोरांकू कोई लेताच नै. तो पूरे मेरेच घर. मेरी बहन चिल्लाती, मगर खिलाती."

"खिलाती?"

"खाना, साब."

अमीनांनी कागद खाली ठेवला. "ये दरख्वास्त किसने लिखी?"

"मैं," मास्तर म्हणाले.

"इतना साफ खत?" अमीन अक्षरावर बोट ठेवून म्हणाले.

"जी."

"और ये साहब?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"इनकू पढ़ने के वास्ते लाया, साब. मेरेकू मेरा लिखा हुआ पढ़ने नै आता."

जमादार खोकला. ते हसू होतं की खोकला, मला सांगता येणार नाही. अमीन हसले नाहीत. ते म्हणाले, तुम्ही एकतर फार सरळ आहात किंवा फार हुशार, आणि आजकाल मला दोन्हीची भीती वाटते. मग त्यांनी हुकूम दिला. जमादार यादीतल्या प्रत्येक घरी जाईल. यादी मराठीत आहे, तर वाचायला हा अहलकार बरोबर जाईल. त्यानं फक्त नाव आणि दिवस वाचायचा, खुलासा करायचा नाही, खूण करायची नाही. घरानं हो म्हटलं तर ते जेवण. "और अगर घर वाले मुकर गए," ते म्हणाले आणि मास्तरांकडं बघत राहिले. वाक्य पुरं केलं नाही. तोवर मास्तर कोतवालीतच बसतील.

मास्तर बाकावर बसले. मला म्हणाले, "उत्तरेकडून सुरू करा. सावली मिळंल."

मंगळवारी सकाळी आम्ही निघालो. पहिलं घर कापडवाल्यांचं. याच गृहस्थांनी पंधरा दिवसांपूर्वी दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं सांगितलं होतं, "मंगळवार माझा लिहा, आन् पोराला म्हणावं, लाजू नको." मी नाव वाचलं. जमादारानं विचारलं, "तुम्हारे घर पे वार है?"

ते जमादाराच्या पट्ट्याकडं बघत म्हणाले, "वार? कसला वार? आमी कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई." आणि दार लागलं. जमादारानं पेन्सिल जिभेला लावून फुली मारली.

त्या गल्लीत नऊ घरं होती. सहा फुल्या पडल्या. मी मनात हिशेब करत होतो. या वेगानं एकशे चाळीसपैकी त्र्याण्णव वार जातील. पण खरा हिशेब तो नव्हताच. दर फुलीबरोबर ती यादी जेवणाची कमी आणि घावांची जास्त होत होती, आणि मास्तर बाकावर बसून होते.

दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी राहत असे, एकटीच, एका खोलीत. जात्यावरून उठून पिठाच्या हातानं ती दारात आली.

"आज्जी, तुमारे घर पे वार है क्या?"

"हाय की. बुधवार." तिनं माझ्याकडं पाहिलं. "का रं, पोरगं आजारी हाय का?"

मला बोलायची मनाई होती. जमादार म्हणाला, "पोरगं न्हाई, सरकार पूछ रही."

"सरकार जेवायला येणार हाय?" म्हातारी म्हणाली. "मग आधी सांगायचं की. दोन भाकरी जास्तीच्या टाकते. आन् तू रं, एवढा मोठा पट्टा बांधतोस, तुला कुणी वाढतंय का न्हाई घरी?"

जमादार हसला. पोट हलेपर्यंत हसला. मग तो गंभीर झाला आणि बरोबरची खूण करताना त्यानं कागद दोनदा दाबला.

त्यानंतर बातमी आमच्या पुढं धावू लागली. पुढच्या गल्ल्यांत लोक आधीच दारात उभे असत. हे चांगलंही होतं आणि वाईटही. काहींनी कुलूप लावून शेत गाठलं होतं, त्यांच्या फुल्या. एक वकील म्हणाले, "लेखी विचारा, लेखी सांगतो." त्यांचीही फुली. पण एका लोहाराच्या घरी बायको म्हणाली, "न्हाई म्हणा," आणि नवरा म्हणाला, "हाय," आणि दोघं आमच्यासमोर भांडले आणि शेवटी बायको म्हणाली, "हाय म्हणा, पण सोमवार नको, गुरुवार करा, सोमवारी मी धुणं काढते." हकीमसाहेब तक्क्याला टेकून बसले होते. जमादार अदबीनं म्हणाला, "आपके घर पे दो वार लिखे हैं."

"दो नहीं मियां," ते म्हणाले, "अब तीन लिखो. अमीनसाहब को मेरा सलाम बोलो और पूछो, चौथा उनके घर लिख दूं?"

जमादारानं तीन लिहिले. चौथ्याचं साहेबांना सांगितलं की नाही ते माहीत नाही.

पहिल्या दिवशी अठ्ठावन्न घरं झाली. बुधवारी चोपन्न राहिली. शेवटचं पान आमच्या गल्लीचं होतं. ऊन कलतं झालं होतं. मी एकेक नाव वाचत होतो, आणि तीन घरं आधीपासून मला माझंच नाव दिसत होतं.

माझ्या दारासमोर जमादार थांबला. दोन दिवस बरोबर फिरून तो माझ्याशी बरा वागू लागला होता. त्यानं आवाज खाली घेतला. "अहलकार साब, ये तो आपका नाम है. सोच के बोलो. नोकरी सरकारी है."

दार अर्धं उघडं होतं. आत बायको होती. तिची सावली उंबऱ्यावर पडली होती आणि हलत नव्हती.

मी म्हणालो, "ये गलती से लिखा गया."

कचेरीत माझी ख्याती अशी होती की माझ्या हातून कागदावर चूक होत नाही. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली, आणि ती झालेलीच नव्हती. जमादारानं फुली मारली. उंबऱ्यावरची सावली मागं गेली.

एकूण सांगतो. एकशे बारा घरांपैकी एक्क्याऐंशी घरं हो म्हणाली, एकतीस नाही म्हणाली. वार धरले तर एकशे तीन मिळाले, हकीमसाहेबांचा एक वाढीव धरून एकशे चार. सदतीस गेले. त्या सदतिसांत माझा एक आहे. पुढं कित्येक वर्षं हा आकडा मी लोकांना सांगितला. ही शेवटची गोष्ट सांगितली नाही.

अमीनसाहेबांनी कागद पाहिला आणि मास्तरांना सोडलं. जलसा, म्हणजे मैदानातली सभा, होणार नाही, म्हणाले. मुहिम हा शब्द कुठंही निघणार नाही. खाऊ घालायचं असेल तर घाला.

"तो इसकू क्या बोलूं साब?" मास्तरांनी विचारलं.

"कुछ मत बोलिए," अमीन म्हणाले. "बस खिलाइए."

बाहेर पडल्यावर मास्तर म्हणाले, "दोन दिवस बसून लय आंबलो. तो उंच जवान हाय ना, त्याची बायको माहेरी गेलीय. दोन दिवस नुसते चणे खातोय बिचारा." मी त्यांना आकडे सांगितले. शाळेच्या कुंपणापाशी थांबून त्यांनी यादी उलटून पाहिली, एकेक पान. आमच्या गल्लीच्या पानावर ते जरा जास्त वेळ थांबले. मी समोरच्या कडुनिंबाकडं बघत होतो. त्यांनी पान उलटलं.

"छत्तीस कमी पडतात," मी म्हणालो. "नवी घरं शोधावी लागतील."

"का बरं? एकशे एकसष्ट हायत की."

"मास्तर, एकतीस घरं नाही म्हणालीत."

"जमादाराला न्हाई म्हणालीत," ते म्हणाले. "पोराला कुठं म्हणालीत? पोरगं अजून गेलंच न्हाई."

मी म्हणालो, पोरांचा अपमान होईल. पोरगं दारातून परत येईल, आणि त्या दिवशी उपाशीही राहील. मास्तर चालायला लागले. "परत आलं तर माझ्या घरी येईल. आक्काला सांगून ठिवतो. पण दारात पोरगं बघून न्हाई म्हणायला माणसाला जड जातं. पट्टा बघून सोपं जातं. ज्याला म्हणायचं असंल, त्यानं पोराच्या तोंडावर म्हणू द्या."

शनिवारपासून पोरं जाऊ लागली. सभा नाही, भाषण नाही, नाव नाही. मी रोज संध्याकाळी मास्तरांच्या ओसरीवर आकडा विचारायला जात असे. हो म्हणालेल्या घरांचा नव्हे, फुलीच्या घरांचा. गुरुवारपर्यंत फुलीच्या सव्वीस घरी पोरं जाऊन आली होती. एकोणीस घरांत ताट वाढलं गेलं. कापडवाल्यांनी वाढलं, आणि म्हणे पोराला दोनदा सांगितलं, लाजू नको. सात घरांनी दार उघडलं नाही. ती सात पोरं आक्काच्या ओरडण्याखाली जेवली.

राहिली पाच घरं, शुक्रवारची. मास्तर माझ्या घराबद्दल काही बोलले नाहीत. बायकोही नऊ दिवसांत त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. बाकी सगळं बोलत होती, मीठ संपलं, शेजारची गाय व्याली. तेच जास्त जड होतं.

शुक्रवारी सकाळी मी ओसरीवर बसून होतो. मला दोन गोष्टींची भीती होती. पोरगं आलं, गल्लीतल्या कुणी पाहिलं आणि जमादाराला कळलं, तर मी त्याच्यासमोर नाकारलेली गोष्ट करतोय असं होईल. आणि पोरगं आलंच नाही, तर. दुसरी भीती मोठी आहे हे मला फार उशिरा कळलं, म्हणजे साधारण साडेदहाला. आत पीठ मळल्याचा आवाज येत होता. दोन माणसांना लागतो त्यापेक्षा तो बराच वेळ चालला.

ते आलं. चौदा-पंधरा वर्षांचं, उंच, सदरा धुतलेला, अजून काखेत ओला. ते पायरीवर चढलं नाही. खाली उभं राहिलं, आणि तेही आडवं, म्हणजे परत वळायला सोपं जावं असं.

"मास्तरनं सांगितलंय, जाऊन बघ म्हणून," ते म्हणालं. मग घाईनं, "आमाला ठावं हाय, हितं न्हाई म्हणलेत. नसलं तर नसू द्या. मी जातो आक्काकडं."

समोरच्या घरातून कुणीतरी बघत होतं. मी उठलो. दारातच उभा राहिलो, ना आत ना बाहेर. आतला पिठाचा आवाज थांबला.

"कोण आलंय?" बायकोनं आतून विचारलं.

तिला ठाऊक होतं कोण आलंय. ती मला विचारत होती.

मी दारातून बाजूला झालो आणि समोरच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं म्हणालो, "आपला शुक्रवार आलाय."